चौथा खंड न लिहिणारा माणूस

१९०२ सालचं साहित्याचं नोबेल कोणाला मिळालं हा प्रश्न क्विझमध्ये टाकला तर भलेभले गार पडतील. टॉलस्टॉय तेव्हा जिवंत होता, त्याचं नावही त्या वर्षी समितीपुढे होतं, आणि मिळालं कोणाला तर थिओडोर मोमसेन नावाच्या पंच्याऐंशी वर्षांच्या जर्मन प्रोफेसरला. कादंबरी नाही, नाटक नाही, नोबेल मिळालं ते रोमचा इतिहास लिहिला म्हणून. आणि तो इतिहास तरी कधीचा? १८५४ ते १८५६ या काळात आलेले तीन खंड, म्हणजे लेखक तेव्हा चाळिशीच्याही आतला. तिसरा खंड ज्युलियस सीझरच्या थाप्ससच्या लढाईतल्या विजयापाशी येऊन थांबतो. पुढे चौथ्या खंडात बादशहांचा काळ यायचा होता, तो कधी आलाच नाही. पाचवा मात्र आला, १८८५ला. तीन नंतर डायरेक्ट पाच. वाचक, प्रकाशक सगळे चौथा कधी येतोय म्हणून वाट बघत बसले आणि हा माणूस आपला दुसऱ्याच कामात.

ते दुसरं काम म्हणजे दगड वाचणं. रोमन साम्राज्यात लॅटिनमध्ये जे जे काही कोरलं, खोदलं, ओरखडलं गेलं, थडग्यांवर, देवळांवर, मैलाच्या दगडांवर, ब्राँझच्या पत्र्यांवर, शिशाच्या पाइपांवर, पाँपेईच्या भिंतींवरसुद्धा, ते सगळंच्या सगळं एका ठिकाणी आणायचं, तपासून, नंबर देऊन, छापून. लॅटिन अभिलेखांचा हा जो महासंग्रह आहे, कॉर्पस इन्स्क्रिप्शनम लॅटिनारम, अभ्यासक त्याला लाडाने नुसतं सीआयएल म्हणतात, त्यात आज साधारण १ लाख ८० हजार लेख आहेत आणि तो अजून संपलेला नाही. माझं स्वतःचं मत असं झालंय की नोबेल त्याला दुय्यम कामासाठी मिळालं. खरं करियर दगडांचं होतं, आणि चौथा खंड राहिला तो आळसामुळे नाही तर ह्या दगडांमुळेच राहिला. हे सगळे मान्य करत नाहीत, पण मी का म्हणतोय ते सांगतो.

सुरुवात बघा. जन्म ३० नोव्हेंबर १८१७, श्लेस्विगमधल्या गार्डिंग नावाच्या छोट्या गावात, वडील पाद्री, पैशाची चणचण. श्लेस्विग तेव्हा डेन्मार्कच्या राजाकडे होतं, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कील विद्यापीठात शिकला काय तर कायदा, रोमन कायदा. इतिहास नाही, भाषाशास्त्र नाही. मधल्या काळात हाम्बुर्गजवळ आल्टोनाला मुलींच्या शाळेत मास्तरकी केली, आणि १८४३ला थिओडोर स्टॉर्म ह्या दोस्ताबरोबर आणि टिखो ह्या भावाबरोबर तिघांनी मिळून कवितांचं एक पुस्तक काढलं. पुढे स्टॉर्म मोठा लेखक झाला, मोमसेनच्या कविता आज फारसं कोणी वाचत नाही. पण गद्य लिहिताना तो जो लयीत लिहायचा ती कुठून आली त्याचा अंदाज येतो.

त्याच वर्षी डॉक्टरेट झाली, आणि रोमन लोकांच्या संघटना आणि मंडळ्या ह्या विषयावरचं त्याचं पुस्तकही आलं. आता ह्या मंडळ्यांबद्दल पुस्तकांत काय सापडणार? सिसरो, टॅसिटस वगैरे रोमन लेखक म्हणजे वरच्या थरातली माणसं, त्यांना सुतारांच्या किंवा कापडवाल्यांच्या मंडळीशी काय देणंघेणं. त्यांची नियमावली, वर्गणी, मेल्यावर कोणाला किती पैसे द्यायचे हे सगळं सापडतं दगडांवर. त्यामुळे कायद्याचा विद्यार्थी असूनही तो अभिलेखांकडे वळला, छंद म्हणून वगैरे नाही तर गरज म्हणून. आणि तिथे त्याला कळलं की जे छापील संग्रह आहेत ते भरवशाचे नाहीत.

ही भानगड जरा नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं आयुष्य ह्यावर उभं आहे. लॅटिन लेखांचे संग्रह काढायची हौस युरोपात जुनी, १६०३चा ग्रुटरचा संग्रह प्रसिद्ध होता, नंतर मुराटोरीचा. पण हे संग्रह बनायचे कसे तर कोणीतरी दगड बघून वहीत उतरवायचा, त्याची वही दुसरा उतरवायचा, ती तिसरा छापायचा, आणि छापलेल्यावरून चौथा. प्रत्येक टप्प्याला एखादं अक्षर गळायचं किंवा कोणी स्वतःच्या हुशारीने दुरुस्त करायचं. त्यात भर म्हणजे बनावट लेख. सोळाव्या शतकात पिर्रो लिगोरिओ म्हणून एक गृहस्थ होऊन गेला, आर्किटेक्ट, चित्रकार, पुराणवस्तूंचा दर्दी, एकदम हुशार माणूस, आणि ह्याने वह्याच्या वह्या भरून लेख लिहून ठेवले, त्यातले कित्येक खरे आणि कित्येक त्याने घरी बसून रचलेले. खऱ्या-खोट्याची अशी बेमालूम मिसळ की नंतरची तीनशे वर्षं लोक ते खरं समजून त्यावर थिअऱ्या मांडत होते. काही तर त्याने दगडावर कोरूनसुद्धा घेतले. मला खरं सांगायचं तर लिगोरिओबद्दल थोडं कौतुकच वाटतं, एवढी मेहनत घेऊन कोणी खोटं बोलतं का.

१८४४ला मोमसेन इटलीला निघाला. पैसे कोणी दिले? डेन्मार्कच्या सरकारने, ट्रॅव्हल स्कॉलरशिप. (आणि १८४८ला हाच पठ्ठ्या परत येऊन श्लेस्विग-होल्स्टाइनच्या पेपरात डेन्मार्कच्या विरोधात अग्रलेख लिहीत होता. राजाने काय म्हटलं असेल देव जाणे.) इटलीत तो १८४७पर्यंत राहिला. रोममध्ये जर्मन विद्वानांचा अड्डा असलेली पुरातत्त्व संस्था होती, तिथे विल्हेल्म हेन्झेन भेटला, जो जन्मभराचा सहकारी झाला. पण करियरला वळण दिलं ते एका म्हाताऱ्याने, बार्तोलोमेओ बोर्गेसी.

बोर्गेसी हा नाणी आणि अभिलेख यांचा त्या काळातला सगळ्यात मोठा जाणकार, आणि राहायचा कुठे तर सान मारिनोला, म्हणजे डोंगरावरच्या त्या चिमुकल्या देशात, १८२१पासून तिथेच. युरोपभरचे लोक त्याला पत्र लिहून विचारायचे की बाबा हा कॉन्सल (रोमचा दर वर्षी निवडला जाणारा सर्वोच्च अधिकारी) कोणत्या वर्षीचा, आणि तो डोंगरावरून उत्तरं पाठवायचा. १८४५च्या उन्हाळ्यात मोमसेन त्याच्याकडे गेला. सगळ्या साम्राज्याच्या लेखांचा संग्रह करायचं डोक्यात होतंच, पण सत्तावीस वर्षांच्या पोराला एवढं काम कोण देणार? म्हाताऱ्याचा सल्ला व्यवहारी होता, आधी एक तुकडा करून दाखव, नेपल्सचं राज्य घे. मोमसेनने घेतलं. मग दक्षिण इटलीत गावोगाव फिरणं सुरू झालं.

आता ह्या फिरण्यात काय असतं? रोमन दगड काही म्युझियममध्ये ओळीने उभे नसतात, निदान तेव्हा नव्हते. ते चर्चच्या भिंतीत उलटे बसवलेले, कोणाच्या अंगणात, विहिरीच्या कठड्याला, उंबऱ्याला पायाखाली घासून गेलेले. मग गावच्या पाद्र्याला पटवा, घरमालकाला पटवा, पाला-शेवाळ साफ करा आणि उजेडाची वाट बघा. उजेड महत्त्वाचा, भर दुपारी समोरून ऊन पडलं की झिजलेली अक्षरं दिसतच नाहीत, तिरपा उजेड लागतो, सकाळ-संध्याकाळचा किंवा बाजूने धरलेल्या दिव्याचा, मग खाचेत सावली पडते आणि अक्षर उठून येतं. नंतर ठसा घेतात. चांगला शोषणारा कागद भिजवून दगडावर लावायचा, ब्रशने थोपटत थोपटत खाचांमध्ये बसवायचा, वाळला की सोलून काढायचा. तो कागद हलका, गुंडाळून नेता येतो, आणि बर्लिनला टेबलावर बसून मागून-पुढून वाचता येतो. फोटोच्या जमान्यातही अभ्यासक ठसे घेतात कारण बोटाने चाचपता येतं.

आणि एवढं करून वाचायचं काय, तर बहुतेक वेळा शॉर्टफॉर्म. दगड कोरणारा अक्षराचे पैसे घेणार, जागा कमी, म्हणून रोमन लोक सगळं तोडून लिहायचे. थडग्यावर वरती डी आणि एम, म्हणजे दीस मानिबुस, मृतांच्या देवतांना. खाली एच एस ई, इथे पुरला आहे. शेवटी एस टी टी एल, माती तुला हलकी लागो. हे सोपं, हे पाठ होऊन जातं. खरी मजा नावांत आहे. नावानंतर मालकाचं किंवा बापाचं आद्याक्षर येतं आणि मग एक अक्षर, एफ असेल तर फिलिउस, म्हणजे अमक्याचा मुलगा, जन्मतः स्वतंत्र नागरिक. एल असेल तर लिबर्तुस, म्हणजे अमक्याने सोडलेला गुलाम. एफ आणि एल! दगड वरून झिजला की दोघांचाही नुसता उभा दांडा उरतो. तो दांडा खाली वळतोय का वर, एवढ्यावर एका माणसाचा अख्खा जन्म बदलतो. आणि मालकीण बाई असेल तर तिचं नाव न घालता उलटा सी कोरायचे. हे सगळं वहीवरून वही उतरवणाऱ्याला कुठून दिसणार, तो उलटा सी सुलटा करून मोकळा.

म्हणूनच मोमसेनचा नियम नंबर एक, दगड स्वतः जाऊन बघायचा. बघता येण्यासारखा असेल आणि तुम्ही बघितला नसेल तर बोलायचं नाही. नियम नंबर दोन ह्याच्यातल्या वकिलाचा, ज्या माणसाने एकदा बनावट लेख दिल्याचं सिद्ध झालं त्याने दिलेला आणि दुसऱ्या कोणी न पाहिलेला प्रत्येक लेख संशयित. साक्षीदार एकदा खोटा ठरला की त्याची बाकी साक्षही धरायची नाही. अशा लेखांना संग्रहात वेगळं काढून नंबरवर चांदणी छापली. टाकून नाही दिले हे विशेष. खोटं आहे असं सांगून छापले, म्हणजे पुढच्याला तपासता येईल. आणि तिसरी गोष्ट मांडणीची. आधीचे लोक विषयवार लावायचे, देवांचे इथे, बादशहांचे तिथे, सैनिकांचे पलीकडे. मोमसेनने गावानुसार लावले. ऐकायला किरकोळ वाटतं, पण गावानुसार लावल्यावर एका गावाचे सगळे लोक शेजारी शेजारी येतात, नगराध्यक्ष, त्याने सोडलेला गुलाम, त्या गुलामाची बायको, त्यांची मंडळी, आणि गाव बोलायला लागतं.

१८४७ला त्याने बर्लिनच्या अकॅडमीला एक लांबलचक मेमो पाठवला, काम असं असं व्हायला पाहिजे. अकॅडमीने आधीच हे काम दुसऱ्याकडे, ऑगस्ट झुम्प्टकडे द्यायचं ठरवत आणलं होतं, ज्याची पद्धत म्हणजे छापील पुस्तकं आणि लायब्ररीतली हस्तलिखितं धुंडाळून संग्रह करायचा. ग्रीक लेखांचा संग्रह करणारा ज्येष्ठ ऑगस्ट ब्योख तिथे वजनदार, आणि ग्रीक संग्रह तसाच बहुतांशी पुस्तकांवरून झाला होता, त्यामुळे हा नवशिका येऊन आम्हाला शिकवतो काय असा एकूण सूर. ऑफिसात काम केलेल्या कोणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल.

मधे राजकारण आडवं आलं. १८४८ला क्रांतीची लाट, मोमसेन पत्रकारितेत शिरला, त्याच साली लाइपझिगला कायद्याचा प्रोफेसर झाला, १८४९च्या गडबडीत पुन्हा भाग घेतला, खटला झाला, अपिलात सुटला, तरी १८५१ला नोकरी गेलीच. ओटो यान आणि मोरित्स हाउप्ट हे दोघे सहकारी प्रोफेसरही त्याच्याबरोबर गेले. मग झुरिक, तिथून ब्रेस्लाउ. ह्याच धावपळीत दोन गोष्टी झाल्या. एक, लाइपझिगला दिलेलं भाषण ऐकून रायमर आणि हिर्झेल ह्या प्रकाशकांनी रोमचा इतिहास लिहायची ऑफर दिली, ह्याने ती घेतली, आणि पुढे रायमरच्या मुलीशी, मारीशी, लग्नही केलं. नोबेलचं पुस्तक ते हेच. आणि दुसरी, १८५२ला नेपल्स राज्याच्या लेखांचा मोठा ग्रंथ छापून आला, अर्पण बोर्गेसीला, गुरू, आश्रयदाता आणि मित्र म्हणून. हा ग्रंथ बघितल्यावर अकॅडमीत वाद घालायला काही उरलं नाही. १८५३ला काम मोमसेनच्या पद्धतीने करायचं ठरलं, जोडीला हेन्झेन आणि रोमचा जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी. १८५८ला मोमसेन बर्लिनला आला तो कायमचा.

पहिला खंड १८६३ला निघाला, रिपब्लिकच्या, म्हणजे बादशहांच्या आधीच्या काळातल्या लेखांचा. त्यानंतर जी फॅक्टरी सुरू झाली ती बघून दमायला होतं. स्पेन एमिल ह्युब्नरकडे, खंड १८६९ला, ब्रिटनही त्याच्याकडेच. पाँपेईच्या भिंतींवरचं लिखाण, इलेक्शनच्या जाहिराती, शिव्या, प्रेमाच्या कबुल्या, उधारीचे हिशोब, ते झांगेमाइस्टरने १८७१ला काढलं. रोम शहराचा खंड तर इतका फुगला की भागांचे भाग झाले. हाइनरिख ड्रेसेलला मिळाले विटांवरचे शिक्के आणि फुटके रांजण. रोममध्ये मोन्ते तेस्ताच्चो म्हणून अख्खी टेकडी आहे फुटक्या तेलाच्या रांजणांची, त्यावर शाईने लिहिलेलं ड्रेसेल वाचत बसला. त्याने रांजणांच्या आकारांचा जो तक्ता केला त्याचे नंबर आजही उत्खननात चालतात, ड्रेसेल एक, ड्रेसेल वीस असे.

त्या विटांच्या शिक्क्यांचं एक उदाहरण द्यायलाच हवं. रोमचं पँथिऑन हे देऊळ, समोर भल्यामोठ्या अक्षरांत लिहिलंय की लुसियसचा मुलगा मार्कस अग्रिप्पा, तिसऱ्यांदा कॉन्सल असताना, याने हे बांधलं. अग्रिप्पा म्हणजे पहिला बादशहा ऑगस्टस याचा जावई, इसवी सनापूर्वीचा. शतकानुशतकं लोकांनी ते खरं धरलं. मग १८९२च्या सुमाराला भिंतीतल्या विटा तपासल्या, शिक्के निघाले हेड्रियन बादशहाच्या काळाच्या आसपासचे, म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षांनंतरचे. जुनं देऊळ जळालं, पुन्हा उभं राहिलं नव्याने, आणि पाटी जुन्या माणसाच्या नावाची लावली. म्हणजे दर्शनी भागावरचं फूटभर अक्षर फसवतं आणि भिंतीच्या पोटातला, कोणी वाचेल म्हणून न मारलेला शिक्का खरं सांगतो. मला वाटतं ह्या धंद्यातला माणूस थोडा संशयी होतो तो उगाच नाही.

मोमसेन नुसता बॉस नव्हता, स्वतः खंडच्या खंड केले, तिसरा म्हणजे पूर्वेकडचे प्रांत आणि डॅन्यूबचा पट्टा, पाचवा उत्तर इटलीचा, नववा-दहावा पुन्हा दक्षिण इटली आणि बेटं. शिवाय ज्याने त्याने पाठवलेलं वाचून द्यायचं, चुका काढायच्या, पत्रं लिहायची. त्याने स्वतःच ह्या प्रकाराला नाव दिलं, ग्रोसविसेनशाफ्ट, मोठं विज्ञान. त्याचं म्हणणं असं की हे काम एका माणसाने पुरं होत नाही, पण दिशा एकाच माणसाने द्यावी लागते. १८९०चं वाक्य आहे, आणि त्यात आजच्या प्रत्येक मोठ्या रिसर्च प्रोजेक्टचं भलं आणि बुरं दोन्ही आहे. बुरं म्हणजे, गुस्ताव विल्मान्सचं बघा. आफ्रिकेचा खंड त्याचा, ट्युनिशिया-अल्जिरियात जाऊन दगड गोळा केले, आणि तेहतिसाव्या वर्षाच्या आसपास, १८७८ला, गेला. खंड मोमसेनने हातावेगळा करून १८८१ला काढला, नाव विल्मान्सचं ठेवलं, ते बरोबरच केलं. पण अशा माणसांची आयुष्यंच्या आयुष्यं ह्या कामात मुरली आणि नोबेल एकाला. मोमसेनचा स्वभावही काही गोड नव्हता, तापट, टोचून बोलणारा, समोरच्याचा लेख फाडून ठेवणारा.

अंकाराची गोष्ट मात्र मला ह्या सगळ्यात सगळ्यात आवडते. ऑगस्टसने मरताना स्वतःच्या कर्तृत्वाची यादी ठेवली, एवढ्या वेळा कॉन्सल झालो, एवढे पैसे वाटले, एवढी देवळं दुरुस्त केली, आणि ती रोमला त्याच्या समाधीपुढे ब्राँझच्या खांबांवर लावली. ते खांब गेले. पण तिची नक्कल अंकाराच्या एका देवळाच्या भिंतीवर कोरलेली होती, लॅटिनमध्ये आणि शेजारी ग्रीक भाषांतर. १५५५ला बुसबेक नावाचा राजदूत सुलतानाकडे जाताना तिथून गेला तेव्हा युरोपला पत्ता लागला. तीनशे वर्षं लोक तुकड्या-तुकड्याने नकला करत होते, भिंतीला लागून घरं, त्यामुळे ग्रीक भाग धड दिसेना. मोमसेनने १८६५ला होत्या त्या नकलांवरून आवृत्ती काढली, पण समाधान नाही. शेवटी १८८२ला अकॅडमीने कार्ल हुमानला, पेर्गामॉनचं प्राचीन शहर खणणारा तोच, तिकडे पाठवलं आणि त्याने अख्ख्या मजकुराचे प्लास्टरचे साचे करून बर्लिनला आणले. पुढच्याच वर्षी मोमसेनने नवी आवृत्ती काढली. सगळ्या अभिलेखांची राणी, असं तो त्या लेखाला म्हणायचा. म्हणजे ज्याला भिंतीकडे जाता आलं नाही त्याने भिंतच मागवून घेतली!

आता चौथ्या खंडाकडे. लोकांनी बरीच कारणं दिली आहेत. कोणी म्हणतं सीझरवर त्याचा इतका जीव होता की त्याचा खून लिहवेना. कोणी म्हणतं तिशीतला आवेश साठीत राहिला नाही. कोणी १८८०ला त्याच्या घरी लागलेल्या आगीला दोष देतं. मला हे पटतं की बादशहांच्या काळाबद्दल पुस्तकी साधनं म्हणजे टॅसिटस, सुएटोनियस, दरबारातली कारस्थानं, कोणी कोणाला विष घातलं. ते पुन्हा लिहायचा त्याला कंटाळा होता. त्याला हवं होतं साम्राज्य चालायचं कसं, प्रांतात गव्हर्नर कोण, गावाला सनद कसली, सैनिकाला पंचवीस वर्षांनी नागरिकत्व कसं मिळायचं. हे फक्त दगडांवर आणि पत्र्यांवर आहे. स्पेनमध्ये मालागाजवळ १८५१ला नगरपालिकेच्या कायद्याचे ब्राँझचे पत्रे सापडले तर ह्याने १८५५ला त्यावर ग्रंथ लिहिला, कारण असली गोष्ट कोणत्याही रोमन इतिहासकाराने सांगितलेली नाही. आणि म्हणूनच पाचवा खंड, प्रांतांचा, तो लिहू शकला, कारण तोवर प्रांतांचे संग्रह हातात आले होते. चौथ्यासाठी त्याला जे म्हणायचं होतं ते त्याने रोमन राज्यव्यवस्थेवरच्या जाडजूड ग्रंथात आणि लेक्चरांत सांगून टाकलं होतं. त्या लेक्चरांचीही गंमत आहे, झेबास्टियान हेन्झेल आणि त्याचा मुलगा पाउल यांनी १८८०च्या दशकात वर्गात बसून नोट्स घेतल्या होत्या, त्या हरवल्या, आणि १९८०ला अलेक्झांडर डेमान्ट ह्या इतिहासकाराला न्युरेम्बर्गच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडल्या. १९९२ला छापल्या. मी इंग्रजी भाषांतर वाचलंय, धारदार आहे, पण चौथा खंड नाही तो.

आगीचं सांगायचं राहिलं. जुलै १८८०, शार्लोटेनबुर्गचं घर, रात्री उशिरापर्यंत अभ्यास करायची सवय, आणि अभ्यासिकेला आग लागली. हजारो पुस्तकं, स्वतःचे कागद, आणि सगळ्यात वाईट म्हणजे दुसऱ्या लायब्ररींनी विश्वासाने घरी पाठवलेली हस्तलिखितं, त्यात गॉथ लोकांचा इतिहास लिहिणाऱ्या योर्दानेसचं हाइडेलबर्गचं जुनं हस्तलिखित, सगळं गेलं. हा आत घुसून वाचवायला गेला आणि भाजला. देशोदेशीच्या अभ्यासकांनी पुस्तकं आणि पैसे पाठवले. दोन वर्षांत योर्दानेसची आवृत्ती काढली, कारण जळालेल्या प्रतीतले पाठभेद आधीच टिपून ठेवले होते. एवढ्या जुन्या वस्तू घरी पाठवायच्या कशा ह्याबद्दल लायब्ररींनी त्यानंतर काय विचार केला असेल ते आपण समजू शकतो.

हे सगळं करताना घरात सोळा मुलं (त्यातली काही लहानपणीच गेली), प्रशियाच्या विधानसभेत आणि नंतर राइखस्टागमध्ये खासदारकी, बिस्मार्कच्या धोरणावर भाषणात तोंडसुख घेतलं म्हणून बदनामीचा खटला, त्यातून १८८२ला सुटका. आणि १८७९ला जेव्हा ट्राइट्श्के ह्या बर्लिनच्याच इतिहासकाराने ज्यूंविरुद्ध लिहायला सुरुवात केली तेव्हा मोमसेनने १८८०ला जाहीर पुस्तिका लिहून त्याला उत्तर दिलं. त्या काळात प्रोफेसर मंडळी गप्प बसणं पसंत करत असताना. ह्याबद्दल मी त्याचा तापटपणा माफ करून टाकतो.

प्रसिद्धी किती होती? मार्क ट्वेन १८९१-९२च्या हिवाळ्यात बर्लिनला होता, फिर्शो आणि हेल्महोल्ट्स ह्या दोन शास्त्रज्ञांच्या सत्काराला गेला, हॉल भरून विद्यार्थी. मधेच दाराशी कुजबूज, एक छोटासा लांब केसांचा म्हातारा आत येतोय, आणि सगळा हॉल उठून उभा, टाळ्या, पाय आपटणं, ग्लास वाजवणं. मोमसेन! ट्वेनने लिहून ठेवलंय की ह्या माणसाला बघायला आपण मैलोनमैल तंगडतोड केली असती आणि हा आपसूक समोर आला. अभिलेख वाचणाऱ्यासाठी एवढा जल्लोष मी तरी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही.

आणि तरीही १८९९ला मृत्युपत्राला जोडलेल्या चिठ्ठीत तो लिहितो की बाहेरून यश दिसत असलं तरी आयुष्यात जे व्हायला हवं होतं ते झालं नाही, आपल्याला खरं तर नागरिक व्हायचं होतं आणि ह्या देशात ते शक्य झालं नाही, आणि माझं चरित्र कोणी लिहू नये. १ नोव्हेंबर १९०३ला गेला. चिठ्ठी १९४८ला छापून आली तेव्हा जर्मनीचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. चरित्र न लिहिण्याची इच्छा अर्थातच कोणी मानली नाही, लोथार विकर्टने १९५९ ते १९८० अशी वर्षं घेऊन लिहिलं, चार खंडांत. चौथा खंडसुद्धा निघाला त्याचा.

सीआयएलचं काम आजही बर्लिन-ब्रांडेनबुर्ग अकॅडमीत चालू आहे, सतरा खंड, त्यांचे सत्तरच्या आसपास भाग, मैलाच्या दगडांचा सतरावा खंड अजून टप्प्याटप्प्याने येतोय. चांदणीवाल्या लेखांपैकी काही नंतर प्रत्यक्ष सापडले आणि खरे निघाले, म्हणजे वकिली नियम अधूनमधून निर्दोष माणसालाही लटकवतो, पण नंबर आणि मजकूर छापून ठेवल्यामुळे सुटकाही होते. आणि २०२५ला गूगल डीपमाइंडने एनियस नावाचं एआय मॉडेल काढलं, लॅटिन लेखांतली गळलेली अक्षरं, साल आणि प्रांत ओळखणारं, १ लाख ७६ हजार लेखांवर शिकवलेलं. त्याला त्यांनी अंकाराचा तोच ऑगस्टसचा लेख दिला आणि कधीचा आहे विचारलं. त्याने एक तारीख न देता दोन कालखंड पुढे केले, एक इसवी सनपूर्व १० ते १च्या सुमाराचा आणि दुसरा, जास्त खात्रीचा, इसवी सन १० ते २०च्या दरम्यानचा. अभ्यासकांचे दोन गट बरोबर ह्याच दोन तारखांवरून भांडत आलेत, आणि मशीनच्या उत्तरामुळे ते भांडण मिटायची काही चिन्हं नाहीत.